मस्टरवर न दिसणारी रजा

मी डॉक्टर नाही, अर्थशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. एका खासगी कार्यालयात बावीस वर्षे जमाखर्च लिहिला. अर्धशिशीमुळे घेतलेल्या माझ्या रजा वर्षाला सात-आठच भरतील. पण कपाळाला बाम चोळून, ट्यूबलाइटकडे पाठ करून, एकच बेरीज तीनतीनदा तपासत काढलेले दिवस? मस्टरवर त्या दिवशी माझी सही आहे. या दिवसांचा हिशेब कोणी केला आहे का, हे शोधताना जे हाती लागले ते येथे मांडते.

आधी आजाराविषयी. अर्धशिशी म्हणजे नुसती डोकेदुखी नव्हे. उपचार न केल्यास तिचा झटका 4 ते 72 तास टिकतो. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसवत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती सुमारे तिप्पट आढळते, आणि तिचा जोर असतो तो ऐन कमावत्या वयात. बंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधकांनी कर्नाटकात 2,329 प्रौढांची घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचे प्रमाण सुमारे 25 टक्के निघाले.

आता पैशांकडे वळू. अमेरिकेतील नोकरदारांचे डोकेदुखी, पाठदुखी, सांधेदुखी अशा दुखण्यांमुळे किती काम बुडते, याचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. नुकसान वर्षाला 61.2 अब्ज डॉलर भरले. त्यातले सुमारे 77 टक्के गैरहजेरीमुळे नव्हे, तर कामावर हजर असूनही काम मंदावल्यामुळे झालेले होते. युरोपातील 2012 च्या अभ्यासातही अर्धशिशीच्या एकूण खर्चात औषधोपचाराचा वाटा जेमतेम 7 टक्के होता. उरलेले 93 टक्के बुडालेल्या कामाचे.

हे आपल्या मापाने पाहू. समजा, पगार 26,000 रुपये आणि कामाचे दिवस 26. म्हणजे दिवसाला 1,000. महिन्यात एक दिवस रजा झाली आणि चार दिवस निम्मेच काम झाले. मस्टर सांगते, नुकसान 1,000. प्रत्यक्षात ते 3,000, म्हणजे वर्षाला 36,000. रोजंदारीवरच्या बाईचा हिशेब याहून कठोर आहे. ती घरी राहिली की अख्खी मजुरी बुडते, म्हणून ती दुखत्या डोक्याने उन्हात उभी राहते.

हे अदृश्य दिवस मोजण्यासाठी ‘मिडास’ नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या तीन महिन्यांत नोकरीचे किती दिवस बुडाले, किती दिवस काम निम्म्यावर आले, हे ती विचारते. मग हेच दोन प्रश्न ती घरकामाबद्दलही विचारते, आणि शेवटी घरच्या व समारंभाच्या हुकलेल्या दिवसांबद्दल. स्वयंपाकघरातला बुडालेला दिवस कार्यालयातल्या दिवसाइतकाच धरला जातो, हे मला फार मोलाचे वाटले. बेरीज 21 किंवा अधिक आली तर त्रास तीव्र समजतात.

उपाय महागच असतात असे नाही. झटके वारंवार येत असतील तर ते कमी करणारी, रोज घ्यायची जुनी, स्वस्त औषधे आहेत; ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. उलट, वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 10-15 दिवस घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. कार्यालयांनी जेवणाची वेळ पाळू दिली, डोळ्यांवर येणारा दिवा हलवला, तासभर अंधाऱ्या खोलीत पडू दिले, तर खर्च जवळजवळ शून्य आहे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी ती प्रश्नावली स्वतःसाठी भरली. बेरीज 24 आली. त्यात रजेचे दिवस फक्त दोन होते. तो कागद घेऊनच मी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले. तोवर ‘डोकंच तर दुखतंय’ असे इतरांबरोबर मीही म्हणत आले होते.