वीज गेल्यावर न्यूट्रल कुठे असतो?

गाझियाबादला सौरऊर्जेच्या नकाशावर मानाचं पान आहे. शहराच्या साहिबाबाद भागात सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड हा केंद्र सरकारचा उपक्रम १९७४ मध्ये उभा राहिला, भारतातला पहिला सौर सेल १९७७ मध्ये याच कंपनीने बनवला आणि १९७८ मध्ये पहिलं सौर पॅनेल. पुढचा इतिहास, किमतींची घसरण, सरकारी अनुदानं यांवर इतकं छापून येतं की ते इथे वगळलं तरी चालेल. ज्यावर जवळजवळ काहीच छापून येत नाही, तो प्रश्न छतावर नसून जिन्याखालच्या बॅटऱ्यांशेजारी आहे. ग्रिडशी नातं तोडून इन्व्हर्टर घर चालवतो, तेव्हा त्याचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो का? पॅनेल बसवणारा तीन खड्डे दाखवतो, एक तडितरक्षकाचा, एक डीसीचा, एक एसीचा. मीठ-कोळसा किंवा केमिकल पावडर भरून झाली की अर्थिंगचा विषय संपला असं मालक आणि कारागीर दोघेही मानतात. माझं म्हणणं असं की शॉकपासून माणूस वाचवण्याच्या कामात खड्ड्याचा वाटा आपण समजतो त्याहून फार कमी आहे. खरं काम न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला तांब्याचा एक तुकडा करतो.

आकडेच बघा. वीजमंडळाच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिथेच जमिनीत गाडलेला असतो. गीझरची लाइन त्याच्या पत्र्याला लागली, तर करंट घरच्या खड्ड्यातून मातीत उतरतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्यातून परत वर चढतो. दोन्ही खड्डे ५-५ ओहमचे, म्हणजे चांगलेच, धरले तरी २३० व्होल्टला २३ अँपियर वाहतात. ३२ अँपियरची एमसीबी त्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि गीझरचा पत्रा जिवंत राहतो. गळती दिसताच वीज तोडणारी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी मात्र लगेच पडते, आणि तिला उत्तम खड्डाही लागत नाही: २०० ओहमच्या कामचलाऊ खड्ड्यातूनही एक अँपियरहून जास्त गळती होते, म्हणजे तिच्या गरजेच्या तीसपट. गंगा-यमुनेच्या गाळात, हिंडनच्या काठावर ओल मुबलक, त्यामुळे गाझियाबादला खड्डा सहज चांगला होतो. आपल्याकडे बेसॉल्टच्या खडकात तोच खणताना घाम फुटतो. आरसीसीबीला दोन्ही ठिकाणं सारखीच.

आता मेन स्विच पूर्ण बंद करा आणि घर इन्व्हर्टरवर टाका. आउटपुटच्या दोन तारांपैकी कुठलीच जमिनीला बांधलेली नसेल, तर निऑन टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत मिणमिणतो. डिजिटल मीटर अर्थच्या तुलनेत दोन्हीकडे साधारण निम्मा-निम्मा दाब दाखवतो, फिल्टरमधल्या छोट्या कपॅसिटरांमुळे. अशा तरंगत्या व्यवस्थेत लाइन पत्र्याला लागली तर करंटला परतायला वाटच नाही. काहीच घडत नाही, आरसीसीबीही पडत नाही. पण त्या क्षणापासून दुसरी तार जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्टवर गेलेली असते. बिघाड कुठे आहे हे कुणालाच कळलेलं नसतं. त्यात एमसीबीची आणखी एक अडचण. ३ केव्हीएचा इन्व्हर्टर १३ अँपियरचा, क्षणभर दुप्पट ताण घेतला तरी २६. सी-कर्व्हची १६ अँपियरची एमसीबी झटक्यात पडायला किमान ८० लागतात. तेवढा करंट इन्व्हर्टर देऊच शकत नाही. थेट शॉर्ट झाला तर तो स्वतःच बंद पडेल, पण माणसाच्या अंगातून जाणारी गळती त्याच्या खिजगणतीतही नसते. म्हणून न्यूट्रल-अर्थ जोड हवा, आणि तो आरसीसीबीच्या आधी, इन्व्हर्टरच्या बाजूला, एकाच ठिकाणी. मग बिघाडाचा करंट मातीत न शिरता तांब्यातूनच परततो आणि खड्डा उन्हाळ्यात सुकला तरी आरसीसीबी आपलं काम करते. खड्डा विजेच्या लोळासाठी आणि सर्जसाठी हवाच, पण ते त्याचं वेगळं खातं.

यावर पहिला आक्षेप: तरंगती व्यवस्थाच सुरक्षित, ऑपरेशन थिएटरात मुद्दाम तशी ठेवतात. खरं आहे, पण तिथे इन्सुलेशनवर सतत नजर ठेवणारं यंत्र असतं आणि पहिल्याच बिघाडाला ते गजर देतं. घरात तसं कोण लावतं? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपल्याकडच्या बहुतेक साध्या होम इन्व्हर्टरांत न्यूट्रल आरपार जातो, फक्त लाइन बदलते. म्हणजे फीडर बंद झाला तरी ट्रान्सफॉर्मरचा जमिनीतला न्यूट्रल घराशी जोडलेलाच राहतो. अशा घरात वेगळा जोड दिला तर न्यूट्रल दोन ठिकाणी अर्थ होतो, रोजचा करंट हिरव्या तारेतून फिरू लागतो आणि आरसीसीबी विनाकारण पडायला लागते. त्यावरचा गल्लीतला उपाय म्हणजे आरसीसीबीच काढून टाकणं, आणि तो निव्वळ आत्मघात. रास्त उत्तर रिलेचं: ग्रिड असताना जोड सुटलेला, ग्रिडपासून दोन्ही तारा तुटल्या की जोडलेला. अनेक हायब्रिड इन्व्हर्टरांत ही सोय आतच असते.

तिसरा आक्षेप मी बिनशर्त मान्य करतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही इन्व्हर्टरांत बॅटरी किंवा पॅनेल एसीपासून विलग नसतात. तिथे माहितीपुस्तिका न वाचता न्यूट्रल अर्थला बांधला किंवा पॅनेलची ऋण तार जमिनीत घातली, तर आतले स्विच धूर सोडतील. पॅनेलची चौकट मात्र अर्थ करायचीच. याच यंत्रांतून डीसी गळतीही होऊ शकते, आणि बाजारात स्वस्त मिळणारी एसी टाइपची आरसीसीबी तिच्यामुळे आंधळी होते. ए टाइप ६ मिलिअँपियरपर्यंतची सरळ डीसी सोसते. त्यापुढे बी टाइप लागते, आणि ती महाग.

आरसीसीबीवरचं ‘टी’चं बटण दाबून ती पडली की सगळं ठीक, हा समजही इथे फसवा ठरतो. ते बटण छोटा करंट लाइनमधून न्यूट्रलकडेच पाठवतं, अर्थचा त्यात संबंध नसतो. तरंगत्या घरातही ती ऐटीत पडते. म्हणून काम ताब्यात घेताना कारागिराला आरसीसीबी टेस्टर आणायला सांगावं, मेन स्विचचे दोन्ही पोल उघडावेत, घर बॅटरीवर चालू ठेवावं आणि सॉकेटमध्ये लाइन ते अर्थ ३० मिलिअँपियरची चाचणी घ्यावी. पडली नाही, तर आधी जोड तपासायचा, खड्डा नंतर.