निरोप्या आणि दुभाषा

पेटीचा भाता हलला की सूर उमटतो; संगणकाला जोडायच्या मिडी कीबोर्डात मात्र स्वतःचा सूर नसतो. तो केवळ निरोप्या. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, हे तो ० ते १२७ या अंकांत कळवतो. गाते ते संगणकातील सॉफ्टवेअर. निरोपांची ही ‘मिडी’ भाषा १९८३ साली ठरली. २०२० साली तिची दुसरी आवृत्ती आली, तरी जुनी बोली चालूच आहे.

मग धडधाकट कीबोर्ड एकाएकी मुका का होतो? पुष्कळदा बिघडतो तो मधला दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर. संगणकाची प्रणाली बदलली की जुन्या ड्रायव्हरचे तिच्याशी जमत नाही. ज्याला वेगळा ड्रायव्हरच लागत नाही, असा कीबोर्ड बहुधा तरून जातो.

कर्जतसारख्या गावी भजने मुद्रित करणाऱ्याला दुरुस्तीसाठी शहर गाठणे परवडत नाही. त्याने काम अर्धे असताना प्रणाली बदलू नये; बदलण्यापूर्वी उत्पादकाने नवा ड्रायव्हर दिला आहे काय, ते पाहावे. कीबोर्डातील फर्मवेअर बदलताना वीज जाऊ नये, केबल निसटू नये. अर्धवट उतरलेले फर्मवेअर यंत्र निकामी करू शकते. आणि चालते वाद्य अडगळीत टाकण्यापूर्वी दुभाषा तपासावा, एवढेच सांगणे.