दर्शनी दाताचे रोपण : खरी कसोटी हाडाची आणि हिरडीची

वाशिम, (प्रतिनिधी) : दाढ पडली तर ती घरच्यांनाही कळत नाही, पण समोरचा दात गेला की तो साऱ्या गावाला दिसतो. दुचाकीवरून पडणे, कबड्डीच्या मैदानावर लागलेला कोपर किंवा जुनी कीड, कारण कोणतेही असो, त्यानंतर माणूस तोंडावर हात ठेवून हसू लागतो. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध, न यांना दंत्य म्हणतात ते उगीच नव्हे. समोरचे दात नसले की बोलणेही अडखळते. अशा वेळी अनेकांना दंतरोपण, म्हणजे डेंटल इम्प्लांट, सुचविले जाते. मात्र समोरच्या दाताचे रोपण हुबेहूब दिसावे, यासाठी काय लागते, हे उपचारापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे.

रोपण म्हणजे जबड्याच्या हाडात बसविलेला टायटॅनियमचा लहानसा स्क्रू. तो मुळाचे काम करतो आणि त्यावर दाताची टोपी, म्हणजे कॅप, बसते. टायटॅनियमशी हाड घट्ट जुळून येते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला.

हाड थांबत नाही

वरच्या समोरच्या दातांपुढील हाडाची भिंत बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. दात निघाल्यावर ती झिजू लागते. वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातील बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. हाड आत गेले की हिरडीही खाली बसते. मग नवा दात लांबट दिसतो किंवा त्याच्या मुळाशी काळपट छटा उमटते. म्हणूनच ‘पैसे जमले की पाहू’ असे म्हणून वर्ष-दोन वर्षे घालविणे महागात पडते. स्क्रूआधी कृत्रिम हाड भरण्याचा खर्च वाढतो. दात काढण्यापूर्वीच पुढचा बेत दंतवैद्याशी ठरवावा. काही वेळा दात काढतानाच हाडाचे कण भरून जागा राखता येते.

दिसण्याचे गणित

त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, पाहून स्क्रूची जागा ठरविली जाते. शेजारच्या दाताच्या मुळापासून किमान दीड मिलिमीटर अंतर राखावे लागते. हाड जुळण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. दरम्यान तात्पुरता दात बसवून हिरडीला कमानीसारखा आकार दिला जातो. ही पायरी घाईत गाळू नये. अंतिम कॅपची छटा दिवसाच्या उजेडात, शेजारच्या दाताशी ताडून पाहावी. हिरडी पातळ असल्यास आतला जोडभागही पांढऱ्या झिर्कोनियाचा घेतात, म्हणजे धातूची छाया दिसत नाही.

या उपचाराला अनेक फेऱ्या लागतात. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या दोन्ही दिशांना, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे, शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे रोपणाची सोय व शुल्क यांची आधी चौकशी करावी. कोठेही गेलात तरी स्कॅन, हाड, स्क्रू, तात्पुरता दात व कॅप यांचा वेगवेगळा खर्च लेखी मागावा. स्क्रूची कंपनी व क्रमांक नोंदलेले कार्ड जपून ठेवावे. पुढे दुरुस्तीच्या वेळी तेच उपयोगी पडते.

कोणी थांबावे?

वाढत्या वयातील मुलांमध्ये रोपण करीत नाहीत. जबडा वाढत राहतो, स्क्रू मात्र जागीच राहतो आणि दात आखूड दिसू लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत शेजारच्या दाताला चिकटविलेला दात किंवा काढता-घालता येणारी छोटी कवळी पुरेशी ठरते. मधुमेह आटोक्यात नसेल तर तो आधी आणावा. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांमध्ये रोपण फसण्याचा धोका अधिक असतो. विदर्भात घरोघरी पोचलेला खर्राही हिरड्यांचा शत्रूच आहे. हाडांच्या ठिसूळपणावर औषधे सुरू असतील तर तेही आधीच सांगावे.

स्वतःचा दात सर्वांत उत्तम

मार लागून पक्का दात मुळासकट निखळला तर तो फेकू नये. मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा. माती लागली असल्यास दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर खळबळून, न घासता, जागेवर बसवावा. ते न जमल्यास दुधाच्या पेल्यात ठेवून तातडीने, शक्यतो अर्ध्या तासात, दंतवैद्याकडे पोचावे. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवीत नाहीत.

असा वाचलेला दात पुढे कायम टिकेलच असे नाही. पण तो जितकी वर्षे जागेवर राहतो तितकी वर्षे हाड बहुधा शाबूत राहते. पुढे रोपणाची वेळ आलीच, तर त्याचा पाया तेच हाड असते.