एकाच छपराखालचे दोन मीटर

व्यावसायिक सौर प्रकल्पांना सरकारने दिलेली भरघोस मदत 'अनुदान' या नावाने फारशी आलीच नाही. ती आली घसाऱ्याच्या वाटेने. संचाच्या किमतीपैकी 80 टक्के रक्कम पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करण्याची मुभा होती. महाड एमआयडीसीतल्या एखाद्या नफ्यातल्या कारखान्याने वर्षाच्या सुरुवातीला एक कोटीचा संच बसवला आणि कराचा दर 30 टक्के धरला, तर त्या वर्षी 24 लाखांचा कर टळे. टळे म्हणजे पुढे ढकलला जाई, पण पैसा हाती खेळता राही. एप्रिल 2017 पासून 80 चे 40 टक्के झाले.

जानेवारी 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं. तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने युनिटला 17.91 रुपये दर धरला होता. मे 2017 मध्ये राजस्थानात भडल्याच्या लिलावात तो 2.44 वर उतरला. मधल्या काळात मेगावॅटमागे अडीच कोटींपर्यंतचा निधीही देऊन झाला. आपल्याकडे महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा प्रकल्प 2013 मध्ये उभा राहिला तो धुळ्याच्या साक्रीत. साहजिकच होतं. मेगावॅटला चार-पाच एकर सपाट जागा लागते, आणि महाड तालुक्यातल्या शिवथरला सपाट काही असेल तर भाताची खाचरं. बाकी सगळा उतार, त्यात 2021 मध्ये तळिये गावावर दरड कोसळल्यापासूनची धास्ती. सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला मिळणारं वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडं माळरानांसाठीच.

उरलं छप्पर. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने छपरावरच्या संचांसाठीची तरतूद 600 वरून 5,000 कोटींवर नेली आणि त्याच निर्णयात खासगी व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना वगळलं. यांना घसारा मिळतो, मग रोख कशाला? कारखान्यापुरतं हे बरोबरच होतं. पण शिवथरला समर्थ रामदासांच्या घळीच्या वाटेवर पिठलं-भाकरी विकणाऱ्याचं काय? त्याचं उत्पन्न बहुधा करपात्रच नसतं. विवरण भरलंच तर कलम 44एडीखाली, उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा मानून. तिथे वेगळा घसारा मागता येत नाही. दिल्लीच्या लेखी तो आणि रसायनांचा कारखाना एकाच रकान्यात बसले.

2024 ची सूर्यघर योजना तीन किलोवॅटला 78,000 रुपये देते, पण घरगुती मीटरलाच. घरातच खानावळ चालवली की पडवीत दोन मीटर येतात. माजघरातल्या पंख्याच्या स्वस्त युनिटला मदत. पुढच्या फ्रीजच्या महाग, व्यापारी युनिटला काही नाही. छप्पर मात्र एकच.

घळीला गर्दी होते धबधब्यासाठी, म्हणजे ऐन पावसात, पॅनेल आळसावलेली असताना. इथे नेट मीटरिंगचा हिशेब कोकणाला मानवतो: वर्ष एप्रिलला सुरू होत असल्यामुळे वैशाखातले शिलकी युनिट श्रावणातल्या बिलात वळते होतात. हे अनुदान नव्हे, पण माझ्या मते कोणत्याही अनुदानापेक्षा कामाचं.

22 सप्टेंबर 2025 पासून सौर साहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. दोन लाखांच्या संचामागे दहाएक हजार वाचतात. कारखान्याला हा कर एरवीही वजावटीत परत मिळायचा. खानावळवाल्याला तो सोसावाच लागायचा.