वेल्डिंग मशीन : रोजी देणारे यंत्र जीव घेणारे ठरू नये

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले असले तरी व्यापारी-कारागिरांच्या तोंडी तो आजही नगर जिल्हाच आहे. लोणी येथे १९५० मध्ये प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले आणि पुढे जिल्हाभर साखर कारखाने उभे राहिले. त्यांच्या पाठोपाठ उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्यांचे लोखंडी साटे, नांगर, शटर, ग्रिल आणि शेड बनविणारी दुकाने गावोगाव निघाली. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी, कोपरगाव, नेवासा यांपैकी कोणत्याही रस्त्याने गेले तरी वेल्डिंगचा निळा उजेड दिसतोच. या धंद्यात आपले कितीतरी बांधव आहेत. कुणी मालक आहे, कुणी मिस्त्री, तर कुणी हाताखाली काम शिकणारा पोरगा.

दुकानातील मशीन हेच बहुतेकांचे भांडवल असते आणि ते चालविणारा हात हेच घराचे उत्पन्न. म्हणून या यंत्राच्या सुरक्षित वापराची व निगराणीची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पावसाळा अधिक धोक्याचा

साखरेचा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. त्यानंतर कारखान्यातील दुरुस्ती आणि ट्रॉल्यांची डागडुजी निघते. हे काम नेमके पावसाळ्यात येते. जमीन ओली, कपडे ओले, अंगाला घाम. विजेचा धक्का बसायला याहून सोयीची परिस्थिती नाही.

वेल्डिंगच्या बाजूला व्होल्टेज कमी असते, म्हणून काही होत नाही, असा समज अनेक दुकानांत आहे. तो अर्धवट आहे. वेल्डिंग चालू असताना होल्डरवर साधारण २० ते ३० व्होल्ट असतात हे खरे. पण रॉड लावला नसेल तेव्हा, म्हणजे मशीन चालू ठेवून रॉड बदलताना, होल्डरवर ७० ते ८० व्होल्ट उभे असतात. कोरड्या हाताला ते फारसे जाणवत नाहीत. घामाने भिजलेला हातमोजा, ओल्या पत्र्यावर टेकलेला गुडघा आणि काखेत धरलेला होल्डर अशा वेळी तेच व्होल्ट जिवावर बेततात. होल्डर काखेत धरायची किंवा केबल अंगाभोवती गुंडाळायची सवय मोडलीच पाहिजे. हातमोजे दोन जोड ठेवावेत. एक भिजला की दुसरा घालावा. ओल्या जागी पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी चटई टाकावी.

मशीनला येणारा पुरवठा तर ४१५ किंवा २३० व्होल्टचा असतो. या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अवश्य बसवावा. मात्र तो होल्डरकडच्या धक्क्यापासून वाचवीत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरची ती बाजू पुरवठ्यापासून वेगळी असते. तेथे कोरडे हातमोजे, चांगले बूट आणि न फुटलेला होल्डर हाच बचाव आहे.

दोन अर्थिंग वेगवेगळे

आपल्या दुकानांत जॉबला लावायच्या केबललाच 'अर्थिंग' म्हणतात. त्यामुळे मोठा घोटाळा होतो. ती केबल म्हणजे करंटच्या परतीची वाट आहे. मशीनच्या बॉडीला जमिनीशी जोडणारी तार ही निराळी गोष्ट आहे. आत वायंडिंग जळून बॉडीत करंट उतरला तर ती तारच माणसाला वाचविते. पहिली केबल लावली म्हणून दुसरीची गरज संपत नाही.

परतीच्या केबलच्या जागी सळई, अँगल किंवा पट्टी टाकण्याचा जुगाड अनेक ठिकाणी दिसतो. सांधे तापतात, ठिणग्या उडतात आणि करंट वाट मिळेल तिकडून जातो. क्लॅम्प नेहमी जोडाच्या जवळ, रंग व गंज घासून काढलेल्या जागी लावावा. ट्रॉलीच्या साट्यावर वेल्डिंग करताना क्लॅम्प चाकाकडे लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला खड्डे पडतात. ट्रॅक्टर किंवा ट्रकवर काम करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, नाहीतर अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. मग मजुरी राहते बाजूला आणि भरपाई येते अंगावर.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट

या धंद्यातील सर्वांत मोठे अपघात टाकी आणि ड्रम यांमुळे होतात. डिझेलची टाकी रिकामी आहे म्हणून गिऱ्हाईक ती निर्धास्तपणे आणून देते. परंतु पेट घेते ती वाफ, आणि रिकाम्या टाकीत वाफ व हवा दोन्ही असतात. एका ठिणगीत टाकी बॉम्बसारखी फुटते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३७ खाली अशा टाक्यांतील ज्वालाग्राही पदार्थ व वाफ काढून टाकल्याशिवाय त्यांवर वेल्डिंग करू नये, असे स्पष्ट लिहिले होते. दोन माणसांच्या दुकानाला तो कायदा लागू नव्हता, पण स्फोट दुकानात माणसे किती आहेत हे मोजत नाही.

टाकी गरम पाण्याने किंवा वाफेने नीट धुवावी, सर्व झाकणे उघडी ठेवावीत आणि जोडाच्या जागेपर्यंत पाणी भरून मगच काम करावे. टाकीत ऑक्सिजन कधीही सोडू नये. आत काय होते हे सांगता येत नसेल तर ते काम परत पाठवावे.

कारखान्याच्या आवारात काम घेणाऱ्यांनी अधिक जपावे. बगॅसचा ढीग ठिणगीने आतून धुमसत राहतो. ठिणग्या ३५ फुटांपर्यंत जातात, म्हणून तेवढी जागा मोकळी करावी आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी एक माणूस तेथे लक्ष ठेवायला बसवावा. मळीच्या टाकीत उतरण्यापूर्वी आतील हवा तपासून घ्यावी. आंबलेल्या मळीच्या वायूने माणूस गुदमरतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवगाव तालुक्यातील एका कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला लागलेली आग जिल्ह्याने पाहिली आहे. स्पिरिट जवळ असेल तेथे कारखान्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय होल्डर उचलू नये.

डोळे आणि छाती

१०० ते २०० अँपिअरच्या कामाला १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते. गॉगल लावून किंवा डोळे मिटून टाके मारणे हा मूर्खपणा आहे. डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते. त्यावर बटाटा, दूध यांचे उपाय करू नयेत. डोळा बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून वारंवार टाकणे तर फार घातक आहे. बुबुळावरची जखम त्याने भरत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. जॉब धरणाऱ्या पोरालाही काच द्यावी, कारण त्याचे डोळे तर आर्कच्या जास्त जवळ असतात.

वेल्डिंगचा धूर कॅन्सरला कारण ठरतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१७ मध्ये दिला. धुराच्या वर तोंड धरू नये आणि पंखा बाजूने लावावा. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरील जस्त घासून काढावे. त्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप येतो आणि माणूस मलेरिया समजून गोळ्या घेतो.

मशीनची निगा

रोज : केबलची साल, होल्डर आणि लग पाहावेत. लग सैल असला की तो तापतो, करंट कमी पडतो आणि मिस्त्री उगाच रेग्युलेटर वाढवीत बसतो.

आठवड्याला : पुरवठा बंद करून आतील धूळ कोरड्या हवेने उडवावी. इन्व्हर्टर मशीन ग्राइंडरजवळ ठेवू नये; लोखंडाचा भुगा आत जाऊन कार्ड जाळतो.

महिन्याला : ऑइल कूल मशीनमधील तेलाची पातळी व रंग पाहावा, बॉडीचे अर्थिंग तपासावे.

सहा महिन्यांनी : इलेक्ट्रिशियनकडून वायंडिंगचे इन्सुलेशन मेगरने मोजून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी तर नक्कीच.

मशीनच्या पाटीवर '६० टक्के ड्युटी सायकल' लिहिलेले असते. त्याचा अर्थ, तेथे दिलेल्या अँपिअरवर दर १० मिनिटांत ६ मिनिटे वेल्डिंग आणि ४ मिनिटे विश्रांती. साधा १० नंबरचा रॉड ९० ते १३० अँपिअरवर चालतो. छोट्या मशीनवर दिवसभर ८ नंबरचा रॉड जाळला तर वायंडिंग जळणारच. रॉड कोरड्या जागी ठेवावेत. जाड कामाचे ई ७०१८ जातीचे रॉड दमट झाले असतील तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे भट्टीत भाजूनच वापरावेत, नाहीतर जोडाला आतून तडा जातो आणि तो तडा भरलेल्या ट्रॉलीखाली उघडा पडतो.

धक्का बसलाच तर आधी मेन स्विच बंद करावा. स्विच बंद होईपर्यंत माणसाला हात लावू नये. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा प्रथमोपचार सुरू ठेवून दवाखाना गाठावा. शुद्धीवर आला तरी डॉक्टरांना दाखवावेच. मेन स्विच कोठे आहे हे दुकानातील सर्वांत लहान पोरालाही माहीत असले पाहिजे.

आमची मालकांना एवढीच विनंती आहे की हातमोजा, काच आणि होल्डर यांचा खर्च रॉडच्या खर्चासारखाच कामाच्या हिशेबात धरावा. घाईचे गिऱ्हाईक पुन्हा मिळते. आंधळा झालेला किंवा विजेने गेलेला कारागीर पुन्हा मिळत नाही, आणि त्याच्या मागे त्याचे घर बसते.