व्यसन वंशाचे की वागणुकीचे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये उच्च रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणाचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. याचे खापर त्यांच्या ‘वाईट सवयीं’वर फोडले जाते आणि त्या सवयी जणू रक्तातूनच येतात, असे धरून चालले जाते. प्रत्यक्षात तिथली कृष्णवर्णीय किशोरवयीन मुले गोऱ्या मुलांपेक्षा कमी सिगारेट ओढतात आणि प्रौढही सरासरीने दारू कमी पितात. आफ्रिका किंवा कॅरिबियन बेटांतून आलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये धूम्रपान अमेरिकेतच जन्मलेल्यांपेक्षा कमी आढळते. कातडीचा रंग तोच, सवय मात्र वेगळी. वंशाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. उरते ती समाज त्यांना देत असलेली वागणूक, म्हणजे भेदभाव.

भेदभाव म्हणजे मारहाण किंवा तोंडावर नाकारलेली नोकरी, हाही समज अपुरा आहे. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यातले प्रश्न अगदी साधे आहेत: हॉटेलात किंवा दुकानात इतरांपेक्षा वाईट सेवा मिळते का? लोक तुम्हाला घाबरल्यासारखे वागतात का? तुम्ही अप्रामाणिक किंवा मंदबुद्धी आहात असे गृहीत धरतात का? उत्तर ‘होय-नाही’त द्यायचे नसून ‘जवळजवळ रोज’, ‘आठवड्यातून एकदा’ असे द्यायचे असते. खरी मेख या ‘रोज’मध्ये आहे. एखादा अपमान माणूस विसरतो. पण तो पुन्हा होणार म्हणून सतत सावध राहिलेल्या शरीरात कॉर्टिसॉलसारख्या ताणाच्या संप्रेरकांचा तोल बिघडतो. झोप उडते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. अशा वेळी सिगारेट किंवा गोड-तळलेले खाणे घटकाभर बरे वाटायला लावते.

शिक्षण आणि पैसा आला की भेदभावातून सुटका होते, ही समजूत सर्वांत चिवट. १९८५-८६ मध्ये अमेरिकेतील चार शहरांत १८ ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक कृष्णवर्णीय आणि गोऱ्या तरुणांची ‘कार्डिया’ ही दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. तिच्यात भेदभाव अनुभवल्याचे सांगणारे कृष्णवर्णीय तसे न सांगणाऱ्यांपेक्षा अधिक शिकलेले आणि अधिक कमावते निघाले. ज्यांना अनेक ठिकाणी आणि वर्षांनंतरही हा अनुभव येत होता, त्यांच्यात तंबाखू आणि दारूचा वापर अधिक होता. अर्थात हे स्वतः सांगितलेले अनुभव आहेत. त्यातून संबंध दिसतो. भेदभावामुळेच व्यसन लागले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

‘शेवटी सिगारेट कोणी बळजबरीने ओढायला लावत नाही’ हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. मेन्थॉल सिगारेटचा इतिहास पाहिला की तो डळमळतो. मेन्थॉलच्या गारव्याने धुराचा ठसका कमी लागतो. त्यामुळे सुरुवात सोपी जाते आणि सोडणे अवघड. १९५०च्या दशकात दहातला एक कृष्णवर्णीय धूम्रपान करणाराही मेन्थॉल ओढत नव्हता. आज दहातले आठांहून अधिक तीच ओढतात. ही आवड आपोआप उपजली नाही. कंपन्यांनी कृष्णवर्णीयांच्या नियतकालिकांत जाहिराती दिल्या, जॅझ महोत्सवांना पैसा पुरवला, वस्त्यांत व्हॅन नेऊन फुकट पाकिटे वाटली. ज्या वस्त्या एकेकाळी सरकारी नकाशांवर लाल रंगवून कर्जाला अपात्र ठरवल्या गेल्या होत्या, अशा वस्त्यांत तंबाखूच्या जाहिरातींचे फलक मात्र दाटीने लागले. ‘निवड’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरायला हवा.

२००९च्या कायद्याने अमेरिकेत फळांच्या आणि मिठाईच्या चवीच्या सिगारेटवर बंदी आली. मेन्थॉल तेवढा वगळला गेला. त्याच्या बंदीचा प्रस्ताव एप्रिल २०२२ मध्ये मांडण्यात आला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी आपापली बंदी घातली आहे.