इंटरफेस : वचन आणि पूर्ती

संगणकाच्या वस्तुनिष्ठ आज्ञावलीत माहिती व तिच्यावरील कामे एकत्र बांधून ‘वस्तू’ घडवितात. वस्तूने कोणती कामे करावयाची, याचे वचन म्हणजे इंटरफेस. ती कशी करावयाची, याविषयी तो मूलतः मौन पाळतो.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेतील ‘कम्पेरेबल’ हा इंटरफेस पाहावा. त्यात कलम एकच : दुसऱ्या वस्तूशी तुलना करून आपण आधी, नंतर की बरोबरीचे, ते सांगावे. विद्यार्थ्यांची तुलना गुणांनी होवो वा पुस्तकांची नावांनी. क्रम लावणारी आज्ञावली त्याची चौकशी करीत नाही. तिला वचन पुरते. म्हणूनच उद्या नव्या प्रकारची वस्तू आली, तरी ती आज्ञावली बदलावी लागत नाही.

परंतु या सोयीचे मोलही द्यावे लागते. अनेकांनी स्वीकारलेल्या वचनात मागाहून नवे कलम घातले, की ज्यांनी त्याची पूर्ती केलेली नाही, त्या जुन्या आज्ञावल्या नव्याने सिद्ध करताना अडतात. २०१४ साली जावाच्या आठव्या आवृत्तीने यावर तोड काढली : नव्या कलमासोबत त्याच्या पूर्तीची एक तयार रीतही इंटरफेसमध्येच देता येऊ लागली. तथापि आरंभीच कलमे मोजकी व विचारपूर्वक ठरविणे, हेच श्रेयस्कर होय.